देवगडचा हापूस गुगलला का दिसत नाही?

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. देवगड तालुक्यातले एक बागायतदार आहेत, ४५० कलमं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी घरच्या आंब्याची वेबसाइट करून घेतली. पुण्या-मुंबईला थेट पेट्या विकायच्या, मध्ये दलाल नको, हा हेतू. साइट करणाऱ्यांनी 'तीन महिन्यांत गुगलवर पहिला नंबर, गॅरंटी' असं सांगून वर्षाला ४०,००० रुपये घेतले. दोन हंगाम गेले, साइटवरून आलेल्या ऑर्डरी बोटांवर मोजण्याइतक्या. बाकी सगळा धंदा व्हॉट्सॲपवर आणि ओळखीपाळखीवर. त्यांचं म्हणणं: आंबा खरा, साइट दिसायला देखणी, मग 'देवगड हापूस' शोधलं की दुसऱ्यांचीच नावं वर का येतात? आणि आता कराराचं नूतनीकरण करावं की नाही?

साहेब, गॅरंटीचं आधी सांगतो, म्हणजे तो विषय संपेल. गुगलवर पहिल्या नंबराची हमी कोणीही देऊ शकत नाही, आणि हे खुद्द गुगलनेच आपल्या सूचनांमध्ये लिहून ठेवलंय. मी १६ वर्षं हे काम करतोय, मलाही देता येत नाही. त्यामुळे यापुढे कोणी 'गॅरंटी' म्हणाला की चहा पाजून वाटेला लावा.

आता तुमची साइट. तुमची साइट ज्यावर चालते त्या वर्डप्रेसचा पासवर्ड तुमच्याकडे होता हे नशीब, त्यामुळे सर्च कन्सोल जोडता आलं. हे गुगलचं फुकटचं साधन आहे. आपल्या साइटबद्दल गुगलला काय माहीत आहे, ते त्यात दिसतं. दोन वर्षांत हे कोणी उघडलंच नव्हतं. म्हणजे ताप मोजल्याशिवायच औषध चालू होतं.

नंबर कितवा हा फार पुढचा प्रश्न. गुगलबॉट नावाचा गुगलचा प्रोग्रॅम आधी पान उघडतो, मग त्यातला मजकूर वाचून आपल्या साठ्यात, म्हणजे इंडेक्समध्ये, नोंद करतो. या दोन पायऱ्या पार झाल्या तरच कोणी शोधलं की कोणतं पान वर दाखवायचं याचा हिशेब होतो. माझ्याकडे 'नंबर येत नाही' म्हणून येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं घोडं पहिल्या दोन पायऱ्यांतच अडलेलं असतं. तुमचंही तसंच निघालं.

सर्च कन्सोलमध्ये वरच्या चौकटीत पानाचा पत्ता टाकला की गुगलने ते पान कधी उघडलं आणि त्याला काय दिसलं, ते कळतं. तुमच्या मुख्य पानाचा पत्ता टाकला तर तिथे आंब्याचं नावच नाही! दिसला तो चार रकान्यांचा इंग्रजी फॉर्म: कंपनी, देश, कंटेनर, ईमेल. मी जरा चक्रावलोच. मग उलगडा झाला. आखातात माल पाठवायची तुमची इच्छा होती, म्हणून भारताबाहेरून कोणी साइट उघडली की त्याला आपोआप 'एक्स्पोर्ट एन्क्वायरी'च्या पानावर ढकलणारं प्लगइन, म्हणजे साइटला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, कोणीतरी बसवलंय. आणि गुगलबॉट मुख्यतः अमेरिकेतल्या पत्त्यांवरून येतो. दोन वर्षं तो तुमच्या दारात येत होता, आणि प्रत्येक वेळी त्याला बागेऐवजी कंटेनरचा फॉर्म दाखवून परत पाठवलं जात होतं. तुमच्या फोनवर मात्र सगळं झकास दिसायचं, कारण तुमचा फोन देवगडात.

याचा दुसरा फटका तुमच्या लक्षात आला नसेल. अमेरिकेत, दुबईत बसलेली आपली मुलं दादरला किंवा कोथरूडला आईवडिलांना पेटी पाठवायला बघतात. ही गिऱ्हाइकं भावाची घासाघीसही फारशी करत नाहीत. त्यांनाही तोच फॉर्म दिसत होता. ते प्लगइन आजच बंद करा. परदेशी मालासाठी वेगळं पान असू द्या, वरच्या मेनूत त्याचा दुवा द्या, पण कोणालाही जबरदस्तीने तिकडे नेऊ नका.

(अशा चुका मीही केल्यात. सुरुवातीच्या काळात एका गिऱ्हाइकाची नवी साइट लावली. वर्डप्रेसच्या 'वाचन' सेटिंगमध्ये 'सर्च इंजिनांना ही साइट नोंदवू देऊ नका' अशा अर्थाचा चौकोन असतो. साइट तयार होत असताना तो टिचकवला होता, तो काढायचाच राहिला. तीन आठवडे आम्ही मजकुरात दोष शोधत बसलो. तेव्हापासून कुठल्याही साइटवर मी आधी तो चौकोन बघतो, मग बाकीचं.)

दार उघडलं तरी आत वाचण्यासारखं काय आहे, हा पुढचा प्रश्न. तुमचं मुख्य पान म्हणजे एक मोठं पोस्टर आहे. पिवळी पार्श्वभूमी, झुलती फळं, सुंदर अक्षरात 'कोकणच्या मातीतला अस्सल देवगड हापूस', खाली पेटीचे आकार, फोन नंबर. पण हे सगळं चित्र आहे. डीटीपीवाल्याने कोरलमध्ये केलेलं, व्हॉट्सॲपवर फिरवायला उत्तम. माणूस ते वाचतो. गुगलच्या दृष्टीने त्या पानावर मजकूर म्हणून होते अकरा शब्द, त्यातले चार मेनूतले. चित्रातली अक्षरं गुगल पानाचा मजकूर म्हणून मोजेल या भरवशावर राहू नका. तेच सगळं साध्या टाइपात, युनिकोडमध्ये, पानावर लिहा. पोस्टर ठेवायचंच असेल तर लहान करून ठेवा आणि त्याच्या पर्यायी मजकुरात, म्हणजे चित्राचं वर्णन लिहायच्या जागेत, एक ओळ लिहा.

युनिकोड हा शब्द मुद्दाम वापरला. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरलेला क्रमांक. 'आमच्याबद्दल' या पानावरचा वडिलांचा मजकूर जुन्या डीटीपी फॉन्टमधून उचलून तसाच चिकटवलाय. त्या फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. तो फॉन्ट लोड झाला नाही की वाचणाऱ्याला गिचमिड दिसते, आणि गुगलला तर कायमच गिचमिड. एकेकाळी मराठी वर्तमानपत्रांच्या साइटही अशाच फॉन्टांवर चालत, त्यामुळे त्या काळातला कितीतरी मजकूर आज शोधून सापडत नाही. फॉन्ट बदलून देणारे कन्व्हर्टर फुकट मिळतात. तीन परिच्छेद आहेत, अर्ध्या तासाचं काम. रूपांतर झाल्यावर ऱ्हस्वदीर्घ आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, कारण कन्व्हर्टर हमखास कुठेतरी रफार सोडतो.

मराठीची आणखी एक गंमत आहे, तिची दखल इंग्रजीतल्या मार्गदर्शिकांमध्ये सापडत नाही. 'खऱ्या हापूसची ओळख' असं पान तुम्ही लिहिणार असाल, तर 'खऱ्या'मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका कीबोर्डवर नुक्त्याचा ऱ वापरून, दुसऱ्यावर साध्या र ला हलन्त देऊन आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाच्या लेखी दोन वेगळे शब्द. 'ॲ'चंही तेच. हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आलं २००८ साली. त्याआधी लोक अ ला वर चंद्र जोडून काम भागवत, आणि काही कीबोर्ड अजून तेच करतात. त्यात 'ॲल्फान्सो', 'अल्फान्सो', 'आल्फान्सो', 'अल्फोन्सो' अशी चार लेखनं. गुगल यातलं बरंच सांभाळून घेतं. २०१९च्या डिसेंबरात त्यांनी बर्ट नावाची भाषा समजण्याची पद्धत ७०हून जास्त भाषांना लावली, त्यांत मराठीही होती, आणि तेव्हापासून 'आंबा, आंबे, आंब्याची, आंब्यांना' अशी सामान्यरूपं एकेक करून पानात कोंबायची गरज उरली नाही. तरीही मी एक शिस्त पाळतो: एका साइटवर सगळ्यांनी एकाच कीबोर्डने लिहायचं आणि फोनवर गिऱ्हाईक ज्या रूपात टाइप करतं ते रूप निवडायचं.

गिऱ्हाईक टाइप काय करतं? इथे तुमची साइट करणाऱ्यांचा अंदाज साफ चुकला. त्यांच्या बिलात 'मेटा कीवर्ड ८०' अशी ओळ आहे. हा पानाच्या पोटात लपवलेला शब्दांचा टॅग गुगल क्रमवारीसाठी वापरत नाही, असं त्यांनी २००९मध्येच जाहीर केलंय. त्या ओळीचे पैसे गेले ते गेले. खरी माहिती सर्च कन्सोलच्या शोधशब्दांच्या यादीत मिळते. प्लगइनच्या तडाख्यातून सुटलेली काही पानं नोंदली गेली होती, त्यावरून तुमच्या यादीतही तीन जाती स्पष्ट दिसतात. एक देवनागरीत शोधणारे: 'हापूस आंबा पेटी भाव'. दुसरे मराठीच, पण रोमन अक्षरांत लिहिणारे. तिसरे सरळ इंग्रजी, ज्यांत पुण्यातले अमराठी आयटीवाले आले. तिघांसाठी मिळून एक पान पुरत नाही. मराठी पान वेगळं आणि इंग्रजी पान वेगळं, दोघांचे पत्ते वेगळे, आणि ही एकाच मजकुराची दोन भाषांतली पानं आहेत हे सांगणारा एचरेफलँग टॅग दोन्हीकडे. एकाच बाजूला लावून उपयोग नाही, परतीचा दुवा नसेल तर गुगल तो धरत नाही. रोमन मराठीसाठी तिसरी साइट करू नका. इंग्रजी पानातच 'हापूस', 'आंबा', 'पेटी' हे शब्द रोमन लिपीत सहज येऊ द्या, एवढं पुरतं.

सध्या तुमच्याकडे भाषांतराचं बटण आहे, ते दाबलं की पान इंग्रजीत दिसतं. ते भाषांतर वाचणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये त्या क्षणी होतं, त्याला स्वतःचा पत्ता नसतो, त्यामुळे गुगलच्या साठ्यात ते जातच नाही. शिवाय त्याने 'साका' (हापूसच्या गरातला दोष) या शब्दाचं काय केलंय ते एकदा बघा, हसाल.

पानांच्या पत्त्यांबद्दल एक. वर्डप्रेसला मराठी शीर्षक दिलं की पत्ताही देवनागरीत बनतो. गुगलला ते चालतं. पण आत प्रत्येक देवनागरी चिन्हाची नऊ रोमन चिन्हं होतात आणि वर्डप्रेसची मर्यादा आहे २००. म्हणजे काना-मात्रा-वेलांट्या सुट्या मोजून साधारण २२ चिन्हांनंतर पत्ता कापला जातो. 'अस्सल देवगड हापूस आंब्याची पाच डझनी पेटी' या तुमच्या पानाचा पत्ता 'आंब्याची'च्या मधेच तुटलाय. व्हॉट्सॲपवर पाठवला की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ दिसते आणि लोक घाबरून उघडत नाहीत. माझा सल्ला: पत्ते छोटे रोमनमध्ये ठेवा, मजकूर आणि शीर्षक मराठीत.

शीर्षक म्हणजे शोधात निळ्या अक्षरांत दिसते ती ओळ. तुमच्या मुख्य पानाचं शीर्षक आहे 'होम'. पानावर काय मिळतं ते तिथे लिहा: 'देवगड हापूस पेटी: आजचा भाव आणि घरपोच बुकिंग'. गुगल कधीकधी शीर्षक स्वतःच्या मनाने बदलतं, ते मनाला लावून घेऊ नका.

आता मुद्दा भावाचा, आणि इथे मला तुमच्याशी थोडं भांडायचंय. 'भावासाठी व्हॉट्सॲप करा' असं लिहिलंय. मला कळतं का ते. वाशीचा बाजार रोज हलतो, शेजारचा बागायतदार तुमचा दर बघून दहा रुपये कमी लावेल, आणि एप्रिलच्या सुरुवातीचा भाव मे महिन्यात निम्म्यावर येतो. पण शोधणारा माणूस भावच शोधतोय. तुमच्या पानावर तो नसेल तर परत मागे जाऊन तो दुसरं पान उघडणार, आणि गुगलनेही त्या प्रश्नाला तुमचं पान का दाखवावं? मार्च ते मे, दर दोन-तीन दिवसांनी, वर तारीख घालून एक तक्ता: चार डझनी, पाच डझनी, सहा डझनी, फळाचं साधारण वजन, पेटीचा दर, पुणे-मुंबई पोचवण्याचा खर्च. खाली एक ओळ, भाव का चढला किंवा उतरला याची. 'या आठवड्यात ढगाळ हवा, काढणी कमी.' ही ओळ तुमच्याशिवाय कोणी लिहू शकत नाही. हाच दर पानाच्या कोडमध्ये 'प्रॉडक्ट' या साच्यात भरता येतो, म्हणजे शोधाच्या यादीतही किंमत दिसण्याची शक्यता वाढते. ते काम प्लगइन करतं, मात्र तिथला दर आणि पानावरचा दर एकच असला पाहिजे.

मजकुराचं बोलायचं तर तुमच्या डोक्यात आहे त्याचा दहावा हिस्साही साइटवर नाही. 'आंबा हा फळांचा राजा आहे' ने सुरू होणारे १२ लेख तिथे आहेत, तेच लेख जागा बदलून आणखी चार साइटवर सापडले. फोनवर मात्र तुम्ही मला अर्धा तास सांगत होतात की फळ १४ आणे तयार झाल्याशिवाय उतरवायचं नाही, नूतन झेल्याने (फळ उतरवायच्या काठीने) देठासकट काढलं की चीक सालीवर उतरत नाही, पेंढ्यात आढी लावली की किती दिवसांत रंग फिरतो, आणि शहरातला माणूस पेटी फ्रिजमध्ये ठेवून वाट कशी लावतो. हे लिहा ना! गुगलच्या गुणवत्तेच्या निकषांत २०२२च्या डिसेंबरात 'स्वानुभव' हा मुद्दा मुद्दाम घातला गेला. तो तुमच्याकडे चार पिढ्यांचा पडून आहे.

साक्याचं पान सगळ्यात आधी. पेटी उघडल्यावर आत पांढरट, चामट गर निघाला की गिऱ्हाइकाला वाटतं फसवलं. बाहेरून बघून साका कळत नाही, बागायतदारालाही नाही, हे तुम्ही मोकळेपणाने सांगा. कापलेल्या फळाचा तुमच्याच विळीवरचा फोटो टाका, आणि असं फळ निघालं तर फोटो पाठवा, आम्ही काय करतो ते अमुक, हे स्पष्ट लिहा. त्याच ओघात कार्बाइडवर. त्याने फळ पिकवायला कायद्याने बंदी आहे, तुम्ही आढीत पिकवता, दोन्हींतला फरक घरी कसा बघायचा. मग कर्नाटकातून येणारा आंबा 'देवगड' म्हणून विकला जातो त्यावर. इथे चिडून लिहू नका, दाखवून लिहा: साल, देठाजवळची ठेवण, वास. हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं २०१८मध्ये, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. तुम्ही अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केलीय, प्रमाणपत्र दिवाणखान्यात टांगलंय, साइटवर त्याचा उल्लेखही नाही. नोंदणी क्रमांकासकट लावा.

हे सगळं कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेऊ का, असंही तुम्ही विचारलंत. टायपिंगला, शुद्धलेखनाला मदत घ्या, हरकत नाही. पण '१०० लेख एका रात्रीत' या वाटेला जाऊ नका. कुणाच्याही उपयोगाचा नसलेला मजकूर केवळ क्रमवारीसाठी घाऊक तयार करणं, मग तो माणसाने केलेला असो की यंत्राने, हे २०२४च्या मार्चपासून गुगलच्या धोरणात स्पॅम म्हणून लिहिलेलं आहे. आणि व्यवहाराच्या बाजूने बघा: २०२४च्या ऑगस्टमध्ये भारतात शोधाच्या वरच यंत्राने लिहिलेला सारांश यायला लागला. 'आंब्यात कोणती जीवनसत्त्वं असतात' याचं उत्तर आता तिथेच मिळतं, तुमच्या पानावर कोणी येत नाही. आजचा भाव, तुमच्या बागेतली काढणी, पेटी कधी पोचेल, यासाठी अजून यावंच लागतं.

हंगामी धंद्यातली सगळ्यात महागडी चूक आता सांगतो, कारण ती तुम्ही दोनदा केलीत. दर वर्षी नवं पान: 'हापूस बुकिंग' आणि पुढे त्या वर्षाचं साल. जून उजाडला की जुनं पान काढून टाकलं. पहिल्या वर्षी मुंबईच्या एका खाद्यलेखिकेने तुमच्या पेटीबद्दल लिहून दुवा दिला होता, तो आज 'पान सापडत नाही'वर जातो. पान जुनं होत जातं, लोक त्याला दुवे देतात, गुगलला ते ओळखीचं होतं, ही सगळी मिळकत तुम्ही दर पावसाळ्यात उपटून फेकता. कलम दर वर्षी नवीन लावून फळाची वाट बघण्यातला हा प्रकार. बुकिंगचं एकच पान ठेवा, पत्त्यात साल नको. हंगाम संपला की त्याच पानावर लिहा: 'यंदाचा हंगाम संपला, पुढचं बुकिंग साधारण अमुक महिन्यात, नंबर ठेवून जा.' जुने दोन पत्ते कायमच्या पुनर्निर्देशनाने, ज्याला ३०१ म्हणतात, या पानाकडे वळवा. त्या लेखिकेचा दुवा पुन्हा जिवंत होईल.

उलट काही पानं काढायचीच आहेत. 'कोथरूडमध्ये हापूस', 'बाणेरमध्ये हापूस', 'वाकडमध्ये हापूस' अशी ३८ पानं आहेत, आत मजकूर अक्षरशः एकच, फक्त पेठेचं नाव बदललंय. यांना गुगल 'डोअरवे' पानं म्हणतं आणि ती त्यांच्या स्पॅमच्या यादीत आहेत. ३८ची एक करा: 'पुण्यात पेटी कशी पोचते'. कोणत्या वारी गाडी निघते, कुठल्या पिनकोडला घरपोच, कुठे उचलायला यावं लागतं, जिना चढवून देतात का. शेवटचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका, सदाशिव पेठेतला ज्येष्ठ गिऱ्हाईक तोच विचारतो.

बिलात '४०० बॅकलिंक', म्हणजे दुसऱ्या साइटवरून तुमच्याकडे येणारे दुवे, हीही ओळ आहे. बघितल्या, जुगाराच्या आणि कसल्या कसल्या परदेशी साइट आहेत, त्यांत मध्येच तुमचा आंबा. दुवे मोजून पानाचं वजन ठरवायची कल्पना गुगलच्या जन्मापासूनची, १९९८ची. ती ओळखून लोकांनी दुवे विकायला काढले, आणि २०१२च्या एप्रिलमध्ये पेंग्विन नावाच्या बदलाने त्यांतल्या पुष्कळांचं कंबरडं मोडलं. तुमच्यावर गुगलची थेट कारवाई झालेली नाही, तो रकाना मी तपासला, स्वच्छ आहे. त्यामुळे ते ४०० दुवे निस्तरत बसू नका, आणखी मात्र विकत घेऊ नका. खरे दुवे मिळवायचे तर ते तुमच्या अवतीभोवतीच आहेत: तुमची सहकारी संस्था, कृषी प्रदर्शनाच्या सहभागींची यादी, ज्या सोसायट्यांत दर वर्षी ५० पेट्या जातात त्यांची पानं, बागेवर येऊन लिहिणारे पत्रकार. वर्षाला पाच मिळाले तरी पुष्कळ.

नकाशातल्या नोंदीबद्दल अपेक्षा माफक ठेवा. गुगल बिझनेस प्रोफाइल फुकट आहे, जरूर करा, पण तिथली क्रमवारी सुसंगती, अंतर आणि नावलौकिक यांवर ठरते. पुण्यात बसून 'हापूस' शोधणाऱ्याला नकाशावर पुण्यातले विक्रेते दिसणार, देवगडची बाग नाही. कुणकेश्वरला आलेल्या पर्यटकाला मात्र दिसेल. पुण्यातल्या मेव्हण्याच्या फ्लॅटचा पत्ता टाकून खोटी नोंद करायची कल्पना सोडून द्या, पकडली गेली की खरी नोंदही जाऊ शकते. अभिप्राय मागा, पण 'पाच तारे द्या, एक डझन फुकट' असं नको, तेही नियमाबाहेर आहे.

वेगाचं थोडक्यात: ते पोस्टर ७ एमबीचं आहे. पानातला मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा अशी गुगलची कसोटी आहे, तुमचा फोनवर ११ सेकंदांनी येतो. चित्र वेबपी स्वरूपात १५० केबीच्या आत आणा, तीन मराठी फॉन्टांऐवजी एक ठेवा. नंतर देवगडच्या एसटी स्टँडवर उभं राहून मोबाइल डेटावर साइट उघडून बघा. तिथे चालली तर सगळीकडे चालेल.

आता कामाचा क्रम, कारण पाऊस सुरू झालाय आणि तुम्हाला थोडी उसंत आहे. प्लगइन आज काढायचं. जून-जुलैत पोस्टरचा मजकूर युनिकोडमध्ये, शीर्षकं, जुने पत्ते वळवणं. ३८ पानांचं एक पान. ऑगस्ट ते ऑक्टोबर महिन्याला दोन लेख, साका आणि आढी आधी. तुम्हाला लिहायचा कंटाळा असेल तर फोनवर बोलून रेकॉर्ड करा, मुलीला उतरवून घ्यायला सांगा, मला तुमची बोलण्याची भाषाच हवीय. मोहोर धरेपर्यंत ही पानं गुगलच्या नजरेखालून अनेकदा गेलेली असतील. लोक जानेवारीपासून शोधायला लागतात, पाडव्याला आणि अक्षय तृतीयेला पेटी हवी असणारे त्याही आधी. मार्चमध्ये पान टाकलं तर त्याची ओळख होईपर्यंत मे उजाडतो. पहिल्या वर्षी 'देवगड हापूस' या दोन शब्दांवर वर याल असं मी म्हणणार नाही, तिथे मोठे विक्रेते बसलेत. 'पाच डझनी हापूस पेटी पुणे घरपोच', 'आंब्यात साका निघाला तर', अशा लांब शोधांवर आधी दिसाल, आणि ऑर्डर देणारा माणूस पुष्कळदा असंच लांब शोधतो.

मोजायचं कसं? स्वतःच्या फोनवर रोज आपलं नाव शोधून नव्हे, तिथे तुमच्या जागेचा आणि सवयींचा परिणाम मिसळलेला असतो. सर्च कन्सोलमध्ये महिन्यातून एकदा बघा. तिथे आकडे मागच्या १६ महिन्यांचेच राहतात. हंगामी माणसाला एका हंगामाची दुसऱ्याशी तुलना करायची असते, तिसऱ्याशी करायची म्हटलं की पहिला पुसला गेलेला असतो. म्हणून दर जूनमध्ये सगळे आकडे एक्सेलमध्ये उतरवून ठेवा. आणि फोनवर ऑर्डर देणाऱ्या प्रत्येकाला 'आमचं कुठे बघितलंत?' हे विचारून वहीत लिहा. ही वही मला कुठल्याही रिपोर्टपेक्षा जास्त सांगते.

नूतनीकरण करू नका. पण त्यांना नकार कळवण्याआधी एक काम करा, आणि गोड बोलून करा. तुमच्या डोमेनची, म्हणजे साइटच्या पत्त्याची, नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते मी बघितलं, ती तुमच्या नावावर नाही, साइट करणाऱ्यांच्या खात्यात आहे आणि मुदत सप्टेंबरमध्ये संपतेय. 'बँकेला कागदपत्रं हवीत' म्हणा, काहीही म्हणा, पण डोमेन तुमच्या ईमेलच्या खात्यात हलवून घ्या, होस्टिंगचा, म्हणजे साइट जिथे ठेवलीय त्या जागेचा, पासवर्ड घ्या, साइटचा पूर्ण बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या. डोमेन हलल्याचा ईमेल तुमच्याकडे आला की मग त्यांना काय ते सांगा.